पऱ्यावर गेलेल्या बायका

माझ्या पहिल्या अहवालातलं एक वाक्य खोटं होतं, आणि त्याच वाक्यावर मला कायमची नोकरी मिळायची होती. खोटं म्हणजे मुद्दाम लिहिलेलं नव्हे. लिहिताना मला ते शंभर टक्के खरं वाटलं होतं. मी कातकऱ्याची मुलगी, कातकऱ्यांबद्दल मला ठाऊक नसेल तर कोणाला असेल, असा माझा तोरा होता.

तोरा असायला कारणही होतं. मी बीए झाले होते, दुसऱ्या श्रेणीत. बुरोंडीच्या मागच्या डोंगरात आमची वाडी. तिथे माझ्या आधी कोणी मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. वडील कोळसा पाडायचे. आई त्यांच्याबरोबर भट्टीवर असायची, आणि मी आश्रमशाळेत. पुढे रत्नागिरीला वसतिगृहात राहून कॉलेज केलं. निकाल लागल्यावर पुढे काय, हे सांगणारं घरात कोणीच नव्हतं. तेव्हा कॉलेजच्या फलकावर एका संस्थेचा सायक्लोस्टाइल केलेला कागद लागला. आदिवासी समाजातल्या पदवीधर मुलामुलींसाठी एक वर्षाची फेलोशिप, आणि खाली लिहिलेलं, ‘विकासक्षेत्रात करिअर करण्याची संधी’. फेलोशिप हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. ऐंशीच्या दशकाची ती मधली वर्षं. आमच्याकडे नोकरी म्हणजे मास्तर, नर्स, नाहीतर एस.टी.चा कंडक्टर.

निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा वडिलांना वाचून दाखवलं.

“म्हंजे करायचं काय?” त्यांनी विचारलं.

“एका वाडीत राहायचं. लोकांना विचारायचं. आणि लिहायचं.”

“कुठल्या लोकांना?”

“कातकऱ्यांनाच.”

वडिलांनी पत्र हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, “आपल्याच लोकांशी बोलायचा पगार? मंग आमी इतकी वर्षं फुकटच बोललो की गो.”

आम्ही सहा जण होतो, वेगवेगळ्या तालुक्यांतले. वर्ष संपलं की सहांतल्या दोघांना संस्था कायम कामावर घेणार होती. कायम म्हणजे पगार, राहायला खोली, आणि नावापुढे ‘विकास अधिकारी’. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की एस.टी.त बसल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर माझी सही आणि खाली तो हुद्दा लिहून बघायची.

संस्थेच्या बाई रत्नागिरीच्या ऑफिसात बसत. त्यांनी प्रत्येकाला एक प्रश्न नेमून दिला. माझा प्रश्न असा: मालगुंडच्या अलीकडे, रस्ता सोडून आत गेल्यावर सड्याखाली, म्हणजे कातळाच्या पठाराखाली, एक कातकरीवाडी आहे. तिथे सरकारने दोन वर्षांपूर्वी बोअरिंग मारून हातपंप बसवला. तो सारखा बिघडतो. बिघडला की कोणी तक्रार करत नाही, दुरुस्त झाला तरी कोणी वापरत नाही. बायका पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी आणायला खाली दरीत उतरतात. असं का?

“तुझीच माणसं आहेत. तुला लगेच सांगतील,” बाई म्हणाल्या.

नाही सांगितलं.

वाडी अठरा खोपटांची. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवत. आजूबाजूला सगळी आंब्याची कलमं, आणि कलमं एकाच माणसाची. वाडी ज्या जमिनीवर उभी होती तीही त्याचीच. खोती कायद्यानं जाऊन तीसएक वर्षं झाली असतील, पण लोक त्याला खोतच म्हणत. दिवाळी झाली की पुरुष कोळशाच्या भट्ट्यांवर जात. मागे राहत बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. मी एका म्हातारीकडे राहिले. तिला सगळी वाडी आये म्हणायची, मीही म्हणू लागले. तिला दिसायचं कमी, ऐकू मात्र भलतंच यायचं.

पंप वाडीच्या तोंडाशीच होता, गाडीवाटेला लागून. अगदी सोयीचा. मी गेले तेव्हा त्याचा दांडा खाली लोंबत होता. पंचायत समितीचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा आणि आताही एकच बिघाड, दांड्याचा बोल्ट गायब. मी बायकांना एकेक करून विचारत सुटले.

“पाणी तांबडं येतं.”

“दांडा लय जड हाय, छातीत दुखतं.”

“पोरं मोडतात.”

मी सगळं वहीत लिहिलं, आणि मग पडताळलं. शिकलेच होते ना ते. तांबडं पाणी पहिल्या दहा दिवसांतच निवळलं होतं, मेकॅनिकने तसं सांगितलं. दांडा जड म्हणणारी बाई पाण्याने भरलेला हंडा आणि त्यावर कळशी घेऊन दरी चढायची. आणि पोरं? पोरं तर सगळी आयांबरोबर पऱ्यावर.

मग मी डोकं चालवलं. लहानपणी आमच्या वाडीत एका माळावर माती दिलेली होती, आमचे मेलेले तिथे पुरलेले. तिथल्या झऱ्याचं पाणी कोणी भरत नसे. मला वाटलं, हेच. बोअरिंग पूर्वजांच्या जागेवर मारलं असणार, आणि बाहेरच्यांना सांगायची लाज वाटत असणार. मी लिहिलं, ‘पंपाची जागा ही समाजाची जुनी दफनभूमी असल्याने स्त्रिया तिथले पाणी भरत नाहीत, आणि ही श्रद्धा उघडपणे बोलून दाखवत नाहीत.’ कोणाला विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही.

बाईंना ते फार आवडलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. “हे आमच्यासारख्यांना जन्मात कळलं नसतं,” म्हणाल्या. कार्बन घालून टाइप करून घेतलं, एक प्रत मुंबईला गेली. पंधरा दिवसांनी मी गेले तर म्हणाल्या, “मुंबईचे लोक खूश आहेत. तुझ्या जागेचं जवळजवळ पक्कं समज.”

मी वाडीत परतले ती अंगात वारं भरल्यासारखी. आपल्याबद्दल टाइप केलेलं कधी बघितलंय का तुम्ही, असं म्हणत आयेच्या अंगणात बायका गोळा केल्या आणि अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. दफनभूमीचं वाक्य आलं तेव्हा आधी बायकांची चुळबूळ झाली. मग एक तरणी बाई, कडेवर तान्हं असलेली, पदर तोंडात कोंबून हसायला लागली. तिच्यामागे सगळ्याच.

“गो बाय, तितं कोण मेलं?”

“आमचे मेलेले वर सड्याला! पार वर. इतं तर कोंबड्या चरतात.”

“येका मेल्याला तरी विचारायचंस ना लिवायच्या आदी.”

आये मात्र हसली नाही. कागदाकडे हात करून म्हणाली, “आता हे साहेब लोक खरं धरणार?”

“धरलंय,” मी म्हणाले.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. लाज वाटत होतीच, पण त्याहून जास्त कुतूहल चाळवलं होतं. कारण हसताना त्यांतली एकही बाई म्हणाली नव्हती की खरं कारण हे आहे. खोटं पकडलं, आणि खरं तसंच पदराखाली ठेवलं. मला चुलत्यांची, आत्यांची आठवण झाली. आमच्याकडेही फॉरेस्टचा गार्ड आला की असंच व्हायचं, सगळे भरपूर बोलायचे आणि सांगायचं कोणीच काही नाही. पण ते गार्डाशी. म्हणजे इथे गार्ड मी होते.

मी ठरवलं, आता विचारायचं नाही. पाण्याला जायचं.

“तुला कशाला त्रास? आमी आणून देतो की दोन कळश्या,” तरणी म्हणाली.

“माझे पाय मोडलेत काय?”

“दरी हाय. घसरशील. बीए ना तू.”

“बीएला पाय नसतात?”

तरी चार दिवस त्या मला चुकवून गेल्या. मी उठायच्या आत वाडी रिकामी. पाचव्या दिवशी मी आयेचा हंडा उशाशी घेऊन झोपले आणि उजाडायच्या आधीच दारात बसून राहिले. त्यांचा नाइलाज झाला.

खाली उतरायला पाऊण तास. पऱ्या तेव्हा बारीक झाला होता, कातळावरून एक धार येत होती. खाली वाळूत बायकांनी डुरा खणलेला, हात-दीड हात खोल, त्यात नितळ पाणी. हंडे भरून झाले. आता वर चढायचं म्हणून मी चुंबळ डोक्यावर ठेवली, तर कोणीच उठेना. हंडे सावलीत ओळीने ठेवले होते. दोघीजणी दगड उलटून कुर्ल्या धरायला लागल्या. एकीने केस सोडले आणि दुसरी तिच्या उवा बघायला बसली. तान्हेवाली माझ्याकडे चोरटं बघत होती. मग तिने मुलाला छातीशी घेतलं, कातळाला टेकली, आणि बघता बघता झोपली. तिच्या शेजारची झोपली. थोड्या वेळाने बघते तर सात-आठ बायका आंजणीच्या सावलीत हातपाय सोडून गाढ झोपलेल्या. पोरं पाण्यात खेळत होती, तीही आवाज न करता, सवय असल्यासारखी.

मी आयुष्यात कातकरी बाईला दिवसाउजेडी झोपलेलं बघितलं नव्हतं. माझ्या आईलाही नाही. आजारी असली तर बसून असायची. मी हंड्याशेजारी बसून त्यांच्याकडे बघत राहिले. वही काढावी असं एकदा मनात आलं, काढली नाही.

ऊन कातळावर आलं तशा सगळ्या आपोआप उठल्या, तोंडं धुतली, हंडे उचलले. दरी चढून वर आलो तर पंपाशी खोताचा गडी उभा, रोज सकाळी हाक घालायला यायचा तोच. काठी टेकून, चिडलेला.

“दोन तास बोंबलतोय मी इतं! कुठं मेल्या होतात सगळ्या? कलमांखालचं गवत तुमचा बाप बेणणार?”

“पाण्याला गेलो होतो,” तान्हेवाली म्हणाली. साधंच, मान खाली घालून.

गड्याने भरलेल्या हंड्यांकडे बघितलं. पाण्याला गेलेल्या बाईला का गेलीस म्हणून कोण विचारणार? बिनपाण्याचं घर चालत नाही हे खोतालाही कळतं. “आटपा, हंडे ठेवून या लगेच,” एवढंच म्हणून तो चालता झाला.

तेव्हा मला कळलं. वाडी खोताच्या जमिनीवर. राहू देतो म्हणून बोलावील तेव्हा कामाला जायचं, नाही म्हटलं तर खोपटं उचला. गडी रोज सकाळी वाडीच्या तोंडाशी उभा राहून हाक घालणार, आणि घरात दिसेल ती बाई दिवसभर खोताच्या कामाला. दरीत मात्र हाक पोचत नव्हती. पाणी ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यासाठी बाई सकाळच्या पारी वाडीत नसली तरी चालत होतं. आणि सरकारने नेमकं ते पाणी दाराशी आणून ठेवलं होतं.

दुपारी मी आयेला विचारलं, “आये, दांड्याचा बोल्ट कुठाय?”

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. “कुठला?”

“तिन्ही.”

मग ती उठली, चाचपडत चुलीमागे गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात दोन बोल्ट होते, तेल लावून ठेवलेले. “तिसरा जावयानं गळाला बांधला. वजन चांगलं पडतं.” डबा झाकला. “तो मेकॅनिक बिचारा गरीब हाय गो. दर खेपेला नवा घालतो आनि जाताना सांगतो, आये आता नाय मोडायचा.”

मी हसले, तीही हसली. मग तिने विचारलं, “लिवणार तू?”

मी तिचे तांदूळ निवडायला घेतले.

“लिव. तुझं पोट हाय त्याच्यावर. पन मंग खोत वाचील. सरकार म्हनंल, कातकरणींनी सरकारी माल चोरला. आनि पंप सुरू होईल.” शेवटचं वाक्य तिने सगळ्यांत सावकाश म्हटलं.

आज हे सगळं लिहिते आहे ते कोणाचा भरवसा मोडून नव्हे. तो खोत राहिला नाही, कलमं विकली गेली, आणि त्या बायकांतल्या ज्या आहेत त्यांना विचारून मग लिहायला घेतलं. तेव्हाची तान्हेवाली आता आजी आहे. म्हणाली, “लिव, आनि आमी झोपायचो ते पन लिव. आता नातवंडं डोळा लागू देत नायत.”

पण तेव्हा प्रश्न सरळ होता. दफनभूमीचं वाक्य तसंच ठेवलं तर नोकरी माझी. ते वाक्य कोणाचं काही बिघडवत नव्हतं, उलट बायकांच्या फायद्याचंच होतं. खोत वाचून म्हणाला असता, वेडे लोक. पंप तसाच राहिला असता. मी स्वतःला हेच समजावत होते. शिमग्याच्या आधी मुलाखती होत्या, आणि एस.टी.त बसल्यावर मी ठरवून टाकलं होतं, गप्प बसायचं.

मुंबईहून तीन जण आले होते. मधल्या गृहस्थांनी माझा अहवाल समोर ठेवला होता, त्या वाक्याखाली लाल रेघ. ते फार चांगलं बोलले. म्हणाले, हे वाक्य आम्ही आमच्या पुस्तिकेत घालतोय. सरकारलाही लिहितोय, की यापुढे आदिवासी वाड्यांत बोअरिंग मारायच्या आधी त्यांच्या दफनभूमी शोधून काढाव्यात. आणि या वाडीतला पंप जरा बाजूला, अगदी घरांच्या मधोमध हलवावा.

घरांच्या मधोमध!

“ते वाक्य चुकीचं आहे,” मी म्हणाले. ठरवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं.

“म्हणजे?”

“तिथे कोणी पुरलेलं नाही. मी विचारलं नव्हतं. मनानं लिहिलं.”

बाई एकदम पुढे झुकल्या. “अगं, पण तूच—”

“हो, मीच. कातकरी आहे म्हणून कातकऱ्यांचं सगळं मला येतं असं वाटलं. ते पुस्तिकेत घालू नका.”

मधल्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. “बरं. मग खरं कारण काय?”

“मला माहीत आहे.”

“मग सांगा.”

“नाही सांगणार.”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एका टोकाचे जरा तरुण होते, ते हसून म्हणाले, “आम्ही काय सीआयडी आहोत का?”

“तुम्ही छापता,” मी म्हणाले. “छापलेलं कुठेही जातं.”

“असं बघा,” मधले गृहस्थ म्हणाले, “याला अभ्यास म्हणत नाहीत. माहिती आहे आणि देत नाही, मग तुम्ही वर्षभर केलंत काय?”

“राहिले,” मी म्हणाले. “तुम्हाला अभ्यासच करायचा असेल तर पंपाचा नका करू. वाडीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे त्याचा करा. ते झालं की पंपाचं कोणी विचारायलाच लागणार नाही.”

“पण जमिनीचा पाण्याशी काय संबंध?” त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं, कुत्सित काही नव्हतं त्यात. मी उत्तर दिलं नाही. देता येत नव्हतं.

जागा मला मिळाली नाही. दुसऱ्या दोघांना मिळाली, आणि दोघेही चांगले होते, पुढे नाव काढलं त्यांनी. बाई जिन्याने माझ्याबरोबर खालपर्यंत आल्या. त्या रागावल्या असतील असं मला वाटत होतं.

“मला एकटीला सांगशील?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“बरं.” मग म्हणाल्या, “पंप हलवायचं पत्र मी जाऊ देत नाही. तेवढं माझ्या हातात आहे.” आणि वर गेल्या.

वाडीत जाऊन आयेला सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “मंग तुला ठेवला नाय?”

“नाय.”

“आमच्यामुळं?”

“माझ्यामुळं. आधी विचारलं असतं तर ही वेळच आली नसती.”

तिने माझ्यापुढे भाकरी सरकवली. दारात उभ्या तान्हेवालीने मुलाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत म्हटलं, “मंग आता घरी बसून काय करशील? उद्या चल पऱ्यावर. झोप काड.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले आणि खरोखरच झोपले. कातळ थंड होता. उठल्यावर अंग असं हलकं वाटलं की मला त्या तीन साहेबांची कीव आली.

फेलोशिपचे अजून पाच आठवडे शिल्लक होते. नेमून दिलेलं काम संपलं होतं, आणि मुलाखतीत मी दुसऱ्यांना करायला सांगितलेला प्रश्न माझ्याच डोक्यात फिरत होता. ती जमीन नक्की कोणाची? खोत म्हणतो म्हणून खोताची, की कागदावर आणखी काही आहे? अठरा खोपटं तिथे कधीपासून आहेत? आयेची आजी तिथेच जन्मली होती, हे आये सांगायची. कोणी कधी कागद बघितलाच नव्हता. बघायला वाचता यायला हवं ना.

सोमवारी मी मालगुंडच्या रस्त्याला येऊन एस.टी. धरली आणि तलाठ्याच्या कचेरीत गेले. तलाठी चहा पीत होते. मी वाडीचं ठिकाण सांगितलं आणि म्हटलं, सातबारा बघायचाय.

“कुठल्या खात्याच्या तुम्ही?”

“कुठल्याच नाही.”

“मग अर्ज कोणाच्या वतीने?”

“माझ्याच. बीए आहे मी, मोडी सोडून सगळं वाचता येतं.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कशाला बघायचाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही म्हणून बघायचाय. त्यांनी कपातला उरलेला चहा संपवला, मागच्या फडताळातून एक जाडजूड वही ओढून काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.